औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालय आणि राज्यशास्त्राचे अध्यापन : एक चिकित्सा

१

राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात काय असावे, ह्याचा विचार अभ्यासमंडळांतून वेळोवेळी होत असतो. परंतु हा विषय कोणत्या ठिकाणी व कोणापुढे शिकविला जातो, ह्याचा विचार त्या मानाने क्वचितच होतो. महानगरातील जुन्या महाविद्यालयात, तालुक्याच्या गावी आणि कारखान्यांच्या वसाहतीत एकच पाठ्यक्रम त्याच क्रमाने शिकविला जातो, आणि ह्या समानतेलाच शास्त्रीयता समजण्यात येते. ही समजूत कितपत टिकाऊ आहे, हे पिंपरी-चिंचवड व चाकण ह्या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात तपासून पाहण्याचा हेतू प्रस्तुत लेखामागे आहे.

हा पट्टा निवडण्यास कारण आहे. येथील पदवी महाविद्यालये कागदोपत्री इतर कोणत्याही संलग्न महाविद्यालयासारखीच आहेत. मात्र त्यांचे कार्य पाश्चात्त्य देशांत ज्यांना ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणतात त्या संस्थांच्या कार्याशी जुळते. अशा संस्थेत परिसरातील नोकरदार, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील व घरात प्रथमच उच्च शिक्षण घेणारा विद्यार्थी घराजवळ व कमी खर्चात शिकतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली अशा संस्थेचा प्रारंभ झाला. भारतात पाँडेचरी विद्यापीठाने १९९५ साली हा प्रयोग केला, आणि २०१३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाची योजनाच आखली. परंतु आयोगाच्या योजनेचा मुख्य भर व्यवसायकौशल्यावर होता. विद्यार्थ्याला रोजगारक्षम करणे हे तिचे उद्दिष्ट होते. शासनव्यवस्थेच्या अभ्यासाला तीत स्वतंत्र व आवश्यक असे स्थान मिळाले नाही. त्यामुळे पिंपरीचे महात्मा फुले महाविद्यालय, आकुर्डीचे प्रा. रामकृष्ण मोरे महाविद्यालय, राजगुरुनगरचे हुतात्मा राजगुरू महाविद्यालय अशा ह्या भागातील संस्थांच्या कला शाखांकडेच ती जबाबदारी आपोआप येते. येथे प्रश्न कोणत्याही एका संस्थेच्या गुणदोषांचा नाही. ज्या साच्यात हा विषय त्या सर्वांच्या हाती दिला जातो, त्या साच्याचा आहे.

२

तो साचा परिचित आहे. प्रथम राज्यसंस्थेची व्याख्या, तिचे घटक व उत्पत्तीचे सिद्धान्त. मग संविधानाची वैशिष्ट्ये, मूलभूत हक्क, संसद, राष्ट्रपती, न्यायसंस्था. त्यानंतर घटक राज्याचे शासन. आणि अखेरीस, सत्र संपत आले असताना, स्थानिक स्वराज्य संस्था. दिल्लीहून निघून गावापर्यंत उतरणारी ही वाट आहे. विषयाची मांडणी म्हणून तीत गैर काही नाही. परंतु ह्या उतरंडीत एक गृहीत दडलेले असते : शासन म्हणजे केंद्र, राज्य व स्थानिक संस्था असे तीन मजले, प्रत्येक मजल्यावर निवडून आलेले सभागृह, आणि त्या सभागृहाला जबाबदार असलेले प्रशासन. विद्यार्थ्याच्या मनावर जे चित्र कायमचे उमटते ते हेच.

हे चित्र खोटे नाही, अपुरे आहे. आणि औद्योगिक पट्ट्यात त्याचे अपुरेपण जितके उघड होते तितके अन्यत्र क्वचितच होत असेल. मराठीत राज्यशास्त्रीय लेखनाची परंपरा दुबळी आहे, म्हणून हे घडते असे म्हणता येणार नाही. य. दि. फडके, भा. ल. भोळे, राजेंद्र व्होरा, सुहास पळशीकर ह्या अभ्यासकांनी मराठीतून ह्या विषयाची गंभीर मांडणी केलेली आहे, आणि महाराष्ट्राच्या राजकारणाचे विश्लेषण तीत विपुल आहे. परंतु संशोधनाने मिळविलेले हे ज्ञान पदवीच्या वर्गात उतरेपर्यंत त्याची कलमांची यादी होते. स्पर्धापरीक्षांच्या ओढीने ही यादी अधिकच घट्ट झाली आहे. विद्यार्थ्याला कलम पाठ असते. त्या कलमाचा आपल्या गल्लीशी असलेला संबंध त्याला ठाऊक नसतो.

३

आता प्रत्यक्ष परिस्थिती पाहावी. पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना १९५४ साली स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ साली संमत होऊन १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि त्या दशकात मोटार व यंत्रोद्योगातील मोठे कारखाने ह्या माळरानावर उभे राहिले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ह्या गावांची नगरपालिका १९७० साली झाली. १९८२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९९७ साली आणखी अठरा गावे तीत आली. २०११ च्या जनगणनेत ह्या शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर गेलेली होती.

येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. कारखाना आधी आला, महामंडळ त्यानंतर आणि नगरपालिका सर्वांत शेवटी. नगरपालिकेला दोनच वर्षे होतात तोच, १९७२ साली, पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण निर्माण करण्यात आले. कामगारांना परवडणारी घरे देणे हा त्याचा घोषित हेतू होता. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी संपादन झाल्या, आणि त्यांच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिला. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि २०२१ साली जुने नवनगर प्राधिकरण त्यात विलीन झाले. एका शहराच्या जमिनीविषयी पन्नास वर्षे निर्णय घेणाऱ्या ह्या संस्थांपैकी महापालिका वगळता एकीचेही मंडळ मतदाराने थेट निवडून दिलेले नाही.

चाकणकडे गेल्यास गुंतागुंत आणखी वाढते. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, नाणेकरवाडी ह्या गावांच्या शिवारांत व आसपास महामंडळाच्या वसाहतीचे टप्पे पसरले आहेत. तेथील कारखान्यात काम करून गावात खोली घेऊन राहणाऱ्या मनुष्यावर किती सत्तांचा अंमल चालतो, ह्याची मोजदाद उद्‌बोधक ठरते. कारखान्याच्या भूखंडाचे नियोजन औद्योगिक महामंडळाकडे. खोलीची घरपट्टी ग्रामपंचायतीकडे, आणि खोली चाकण शहरात असल्यास नगरपरिषदेकडे. महानगर प्रदेशाचे नियोजन महानगर प्राधिकरणाकडे. गावातील शाळा जिल्हा परिषदेकडे. आणि पोलीस ठाणे १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे. विधानसभेला हा भाग खेड-आळंदी मतदारसंघात व लोकसभेला शिरूर मतदारसंघात येतो. त्याच शिरूर मतदारसंघात भोसरीही आहे. मात्र भोसरीला लागून असलेली पिंपरी व चिंचवड ही क्षेत्रे मावळ मतदारसंघात आहेत. पाठ्यपुस्तकातील तीन मजल्यांच्या इमारतीत ह्या रचनेला जागा सापडत नाही.

४

ह्या रचनेचा सैद्धान्तिक अर्थ काय? पहिली गोष्ट अशी की, मताची सत्ता सर्व संस्थांपर्यंत सारख्याच प्रमाणात पोचत नाही. ग्रामपंचायतीला ती थेट पोचते. महामंडळाला व प्राधिकरणाला केवळ राज्य शासनाच्या द्वारे, म्हणजे फार लांबच्या वळणाने. महानगरपालिकेतही १९४९ च्या अधिनियमानुसार कार्यकारी सत्ता राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताच्या ठायी आहे. महापौराचे पद बव्हंशी मानाचे आहे, आणि आर्थिक निर्णयांचे खरे केंद्र सोळा सदस्यांची स्थायी समिती हे होय. जबाबदार शासनाची जी कल्पना संसदेच्या प्रकरणात विद्यार्थ्याला शिकविली जाते, ती येथे लागू पडत नाही. आणि ती का लागू पडत नाही हे सांगणारे प्रकरण बहुधा शिकविले जात नाही.

दुसरी गोष्ट संविधानाच्या कलमांची. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचा परिचय प्रत्येक वर्गात करून दिला जातो. तथापि तिच्यातील दोन तरतुदी औद्योगिक पट्ट्याला विशेष लागू आहेत. २४३-क्यू ह्या कलमाच्या परंतुकानुसार, जेथे एखादी औद्योगिक आस्थापना नागरी सेवा पुरविते किंवा पुरविणार असते असे क्षेत्र राज्यपाल ‘औद्योगिक नगरी’ म्हणून घोषित करू शकतात, आणि तेथे नगरपालिका स्थापन करण्याचे बंधन राहत नाही. म्हणजे स्थानिक लोकशाहीचा विस्तार करणाऱ्या दुरुस्तीतच कारखान्याच्या वसाहतीपुरता तिचा अपवाद नोंदलेला आहे. पिंपरी-चिंचवडला हा अपवाद लागू झालेला नाही; परंतु नागरिकत्व व सेवाग्राहकत्व ह्यांतील भेद शिकविण्यासाठी ह्या परंतुकाइतके उत्तम उदाहरण शोधून सापडणे कठीण. मनुष्याला पाणी, रस्ता व दिवे मिळाले की त्याला मताची गरज उरत नाही, हे तत्त्व मान्य करावयाचे की नाही, हा राज्यशास्त्राचा मूलभूत प्रश्न होय.

दुसरी तरतूद २४३-यू ह्या कलमाची. नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असे हे कलम सांगते. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या १२८ जागांची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद व प्रभागरचनेतील फेरबदल ह्यांमुळे निवडणूक लांबत गेली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला राज्यातील स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घेण्याचा आदेश द्यावा लागला. आणि ती प्रत्यक्षात जानेवारी २०२६ मध्ये पार पडली. मधल्या जवळजवळ चार वर्षांत प्रशासकाने कारभार केला. ह्या काळात पदवीचा अभ्यासक्रम सुरू करून पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांची एक संपूर्ण तुकडी अशी आहे की, तिने स्थानिक स्वराज्याचे प्रकरण वाचले, परीक्षेत लिहिले, गुणही मिळविले. आणि त्या सर्व काळात तिच्या शहरात निवडून आलेले सभागृह नव्हते. ग्रंथातील वाक्य व शहरातील वस्तुस्थिती ह्यांमधील हे अंतर जर वर्गात चर्चेला आले नसेल, तर त्या अध्यापनाला राज्यशास्त्राचे अध्यापन म्हणणे कठीण आहे.

संघराज्याच्या प्रकरणाचीही हीच कथा आहे. कारखान्यांत येणाऱ्या मालावरील जकात हा ह्या महापालिकेच्या वैभवाचा आधार होता. १ एप्रिल २०१३ पासून तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये तो बहुतांश व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला. आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महापालिकेच्या हाती राज्याकडून येणारी भरपाई राहिली. स्वतःच्या नाक्यावर कर गोळा करणारी संस्था चार-पाच वर्षांत अनुदान घेणारी संस्था झाली. वित्तीय स्वायत्ततेविषयीचे सर्व सिद्धान्त ह्या एका घटनाक्रमात सामावलेले आहेत.

५

परंतु औद्योगिक पट्ट्यातील विद्यार्थ्याचा शासनाशी येणारा सर्वांत निकटचा संबंध महापालिकेत नव्हे, कारखान्याच्या दारात येतो. मराठवाड्यातून वा विदर्भातून आलेला तरुण शिकाऊ उमेदवार म्हणून भरती होतो आणि जमेल तसा महाविद्यालयात नाव घालतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाच्या अठराव्या कलमानुसार असा उमेदवार प्रशिक्षणार्थी होय, कामगार नव्हे. आरोग्य व सुरक्षितता ह्यांसारख्या बाबींचा अपवाद सोडल्यास कामगारविषयक कायदे त्याला लागू होत नाहीत. यंत्रावर तो उभा असतो, पाळी तो भरतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्याची कोटी वेगळी. त्याचे नाव बहुधा गावाकडच्या मतदारयादीत असते. जेथे सामान्यतः वास्तव्य असेल तेथे नाव नोंदविण्याचा हक्क कायदा त्याला देतो. पण भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या मनुष्याला तो बजावणे सोपे जात नाही. म्हणजे ज्या शहरात तो राहतो तेथे मतदार नाही, आणि ज्या कारखान्यात तो राबतो तेथे कामगार नाही. प्रतिनिधित्वाच्या दोन्ही यंत्रणांच्या बाहेर राहिलेला हा मनुष्य वर्गात ‘नागरिकत्व’ ह्या प्रकरणावर टिपण उतरवून घेत असतो. ह्या विषयात जे पणाला लागले आहे ते हेच.

प्रतिनिधित्वाचा सिद्धान्त समजावून देण्यासाठीही कारखान्याइतकी सोयीची जागा नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमात संघटनेला मान्यता देताना किमान तीस टक्के सदस्यत्वाचा निकष ठेवलेला आहे. केंद्राच्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत एकाहून अधिक संघटना असल्यास एकमेव वाटाघाटी संघटनेसाठी हजेरीपटावरील एकावन्न टक्के कामगारांच्या पाठिंब्याचा निकष आहे. तो कोणी पुरा न केल्यास वीस टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद बनते. येथे बहुमताचे तत्त्व, अल्पमताचे स्थान व प्रमाणशीर प्रतिनिधित्व ह्या तिन्ही कल्पना मूर्त स्वरूपात समोर उभ्या राहतात. तरीसुद्धा हा भाग कामगार कायद्याचा म्हणून राज्यशास्त्राच्या हद्दीबाहेर ढकलला जातो. ही हद्द शास्त्राने आखलेली नाही. विद्यापीठाच्या विभागरचनेने आखलेली आहे.

६

अध्यापनाच्या भाषेचा विचार येथे अपरिहार्य आहे, कारण ह्या पट्ट्यातील बहुसंख्य विद्यार्थी हा विषय मराठीतून शिकतात. मराठी परिभाषेतील एक अडचण सर्वश्रुत आहे. ‘राज्य’ हा एकच शब्द सार्वभौम राज्यसंस्थेसाठी, संघराज्याच्या घटकासाठी व जुन्या राजवटीसाठीही वापरला जातो. राज्य सार्वभौम असते, हे वाक्य वाचून महाराष्ट्र सार्वभौम आहे असे समजणारा विद्यार्थी मंदबुद्धी नसतो. तो भाषेशी प्रामाणिक असतो. ‘राज्यसंस्था’ व ‘घटक राज्य’ ह्या संज्ञांनी अभ्यासकांनी ही अडचण दूर केली. परंतु परीक्षोपयोगी पुस्तकांतून ती पुन्हा शिरते.

दुसरी अडचण ह्या शहराची खास आहे. ‘प्राधिकरण’ ही संज्ञा प्रशासनशास्त्रात विशिष्ट अधिकार असलेल्या वैधानिक संस्थेची वाचक आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र ‘प्राधिकरण’ म्हणजे निगडीकडची एक वस्ती. रुंद रस्त्यांची, झाडांची, नीट आखलेल्या भूखंडांची. लोक तेथे राहावयास जातात, तेथे घर घेतात. संस्था २०२१ साली विलीन झाली, तरी वस्तीचे नाव तेच राहिले. सत्तेचे नाव स्थळाचे नाव झाले आणि सत्ता नजरेआड गेली. जमीन कोणाची होती, कोणी घेतली व कोणत्या अधिकाराने वाटली, हे प्रश्न त्या नावाच्या परिचितपणात विरून गेले. परिभाषेचे खरे कार्य अशा वेळी कळते : रोजच्या शब्दात लपलेला संबंध उघड करणे. जो अध्यापक वर्गात ह्या एका शब्दाचा इतिहास उलगडून दाखवील, त्याला अधिसत्तेची व्याख्या निराळी सांगावी लागणार नाही.

७

ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अशा रीतीने राज्यशास्त्र स्थानिक माहितीच्या पातळीवर येईल. सिद्धान्त मागे पडेल. ह्या आक्षेपाला शास्त्राच्या इतिहासातच उत्तर आहे. राज्यप्रकारांचे वर्गीकरण करणाऱ्या ॲरिस्टॉटलने व त्याच्या शिष्यवर्गाने १५८ राज्यघटनांचे संकलन केले होते, असे परंपरा सांगते. त्यांपैकी अथेन्सच्या घटनेचे विवरण इजिप्तमध्ये मिळालेल्या पपायरसांतून १८९१ साली प्रसिद्ध झाले. नगरांच्या कारभाराचा तपशील त्याला सिद्धान्ताच्या आड आला नाही. त्या तपशिलाने सिद्धान्ताला आधार दिला. मराठीतही असा प्रयत्न झालेला आहे. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून वतने, बलुती, कर व अधिकार ह्यांच्या द्वारे गावाची प्रत्यक्ष घटना मांडून दाखविली. आत्र्यांची काही समाजांविषयीची, विशेषतः भटक्या जमातींविषयीची, दृष्टी आज स्वीकारता येणार नाही. तथापि वस्ती हीच एक राज्यघटना आहे असे मानून तिचे वाचन करण्याची त्यांची पद्धत मोलाची आहे. गावाच्या गाड्याचे असे वाचन मराठीत शंभर वर्षांपूर्वी झाले. कारखान्याच्या वसाहतीचे तितक्या बारकाव्याने अद्याप व्हावयाचे आहे.

दुसरा आक्षेप असा की, स्थानिक प्रश्न वर्गात आले म्हणजे पक्षीय राजकारणही येईल. ही भीती अनाठायी नाही. परंतु तिच्यावरील उपाय मौन हा नव्हे. टेक्सस राज्यात सार्वजनिक महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला, त्याचा मुख्य विषय कोणताही असो, शासन वा राज्यशास्त्र ह्या विषयाचे सहा श्रेयांक कायद्यानेच आवश्यक आहेत; आणि त्यांत देशाच्या संविधानाबरोबर टेक्ससच्या स्वतःच्या घटनेचाही अभ्यास अंतर्भूत आहे. तेथील कम्युनिटी कॉलेजांचे वर्ग ह्या विषयाने भरलेले असतात ते ह्यामुळेच. त्या व्यवस्थेचे अनुकरण करावे असे नव्हे. केवळ कायद्याची सक्ती विषयाला जिवंत करीत नाही, आणि सक्तीच्या अभ्यासाचेही पाठांतर होऊ शकते. परंतु आपल्या निकटच्या शासनाचा अभ्यास हा शिक्षणाचा भाग आहे, पक्षकार्याचा नव्हे, एवढी गोष्ट तेथे निर्विवाद मानली गेली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

८

निष्कर्ष असा की, औद्योगिक पट्ट्यातील राज्यशास्त्राच्या अध्यापनाला नवीन पाठ्यक्रमाची गरज नाही. आहे त्याच पाठ्यक्रमाच्या वाचनाची दिशा बदलण्याची गरज आहे. प्रत्येक संस्थेविषयी चार प्रश्न विचारता येतात : ती कोणत्या कायद्याने निर्माण झाली, तिचे मंडळ कोण नेमतो, तिला पैसा कोठून मिळतो, आणि तिचा निर्णय चुकल्यास तिला जाब कोठे विचारता येतो. हेच प्रश्न संसदेला लागू आहेत व ग्रामपंचायतीलाही. मात्र महामंडळ, प्राधिकरण व कारखान्यातील संघटना ह्यांना ते विचारले म्हणजे त्यांची धार प्रत्ययास येते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवीक्रमात क्षेत्रीय प्रकल्प, समाजसंपर्क व प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण ह्यांना स्थान मिळाले आहे. कला शाखेत ह्या तरतुदींचे काय करावे, असा प्रश्न पडतो. औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांपुरते तरी त्याचे उत्तर समोर आहे. एका गावाची, एका प्रभागाची, एका औद्योगिक टप्प्याची घटना विद्यार्थ्यांनी कागदपत्रांच्या आधारे लिहून काढावी : अधिसूचना, कराची पावती, ग्रामसभेचे इतिवृत्त, मान्यतेचा आदेश. दहा वर्षांत अशा लेखनाचा जो संग्रह होईल, तो विद्यापीठीय संशोधनालाही उपयोगी पडेल. आणि ज्ञान विभागाकडून महाविद्यालयाकडे जावयाचे, हा नेहमीचा प्रवाह एकदा तरी उलट दिशेने वाहील.

पाळी संपवून वर्गात आलेला विद्यार्थी राज्यशास्त्रापाशी अनुभव आणतो. त्याला हवी असते ती त्या अनुभवाला आकार देणारी संकल्पना. ती त्याला देण्यास हे शास्त्र समर्थ आहे. प्रस्तुतच्या अध्यापनाने त्या सामर्थ्याचा उपयोग केलेला नाही, हा त्याचा मुख्य दोष होय.